गुरुत्वीय तरंगांच्या नोंदींतील गोंगाट व त्याचे निवारण

गुरुत्वीय तरंगांचा वेध घेणाऱ्या उपकरणाच्या (अभिज्ञातकाच्या) नोंदीत तरंगांमुळे जो भाग उमटतो त्यास संदेश आणि उरलेल्या सर्व भागास गोंगाट म्हणतात. हा गोंगाट कानांना ऐकू येणारा नव्हे. जमिनीची थरथर, आरशांतील अणूंची उष्णताजन्य हालचाल, विद्युत् पुरवठ्यातील चढउतार, प्रकाशाचे कणस्वरूप यांपैकी कशानेही नोंदीत पडणारी भर म्हणजे गोंगाट होय. संदेश त्याच्या मानाने बहुधा इतका क्षीण असतो की, या शाखेचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात गोंगाट ओळखण्याचा व वगळण्याचाच इतिहास आहे. २०१० नंतरच्या काळात या कामी संगणकाला उदाहरणांवरून शिकविण्याच्या पद्धती (यंत्र-अध्ययन, रूढ नाव मशीन लर्निंग) वापरात आल्या. या पद्धतींच्या पूर्वपीठिकेत आणि त्यांच्या प्रत्यक्ष वापरातही पुण्यातील संशोधकांचा वाटा आहे.

ॲल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये व्यापक सापेक्षता सिद्धांतावरून या तरंगांचे भाकीत केले. प्रचंड वस्तुमाने प्रवेगाने हालू लागली म्हणजे निघणारे हे तरंग वाटेतील अवकाश एका दिशेने किंचित ताणतात आणि तिच्याशी काटकोनात असलेल्या दिशेने किंचित आकसवितात. हा परिणाम इतका सूक्ष्म असतो की, तो मोजण्याचा विचारही अनेक दशके कोणी गंभीरपणे केला नाही. अमेरिकेतील मेरिलंड विद्यापीठातील जोसेफ वेबर यांनी १९६० च्या सुमारास तो प्रथम केला. सुमारे दीड मीटर लांबीचा व टनाहून अधिक वजनाचा ॲल्युमिनियमचा दंडगोल निर्वात पात्रात टांगून, तरंग त्यावरून गेल्यास तो घंटेसारखा कंप पावेल व ते कंपन पृष्ठभागावरील स्फटिकांनी टिपता येईल, अशी ही योजना होती. सुमारे १,००० किमी. अंतरावरील मेरिलंड व शिकागोनजीकचे आरगॉन येथील दोन दंडगोलांत एकाच वेळी कंपने आढळल्याचे वेबर यांनी १९६९ मध्ये जाहीर केले, तेव्हा मोठी खळबळ उडाली.

तथापि मॉस्को, ग्लासगो, म्यूनिक आणि खुद्द अमेरिकेतील इतर प्रयोगशाळांत तशीच उपकरणे उभारली गेली असता कोठेही तो परिणाम आढळला नाही. शिवाय वेबर यांच्या आकड्यांवरून आपली आकाशगंगा आपले वस्तुमान अविश्वसनीय वेगाने ऊर्जेच्या रूपाने गमावीत असली पाहिजे, असा निष्कर्ष निघत होता. रॉचेस्टर येथील गटाच्या नोंदींशी आपल्या नोंदी जुळतात असे वेबर यांनी दाखविले. पण त्या दोन नोंदींच्या घड्याळांत चार तासांचा फरक असल्याचे पुढे उघड झाले. प्रत्यक्षात एकाच क्षणी न घडलेल्या गोष्टी जुळल्यासारख्या दिसल्या होत्या. गोंगाटातून काय निवडावे याची मर्यादा निकाल पाहून सैल केली, तर गोंगाटातूनही हवे ते निघते, हा धडा या प्रकरणाने घालून दिला. वेबर यांना न्याय देण्यासाठी हेही नमूद केले पाहिजे की, एका उपकरणाची नोंद दुसऱ्याच्या मानाने मुद्दाम मागेपुढे सरकवून योगायोगाने किती जुळण्या होतात ते मोजण्याची युक्ती त्यांनीच वापरात आणली व ती आजही या विषयाचा कणा आहे.

दरम्यान मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील राइनर वाइस यांनी १९७२ मध्ये संस्थेच्या अंतर्गत अहवालात लेसर व्यतिकरणमापकाची योजना मांडली. परस्परांस काटकोनात असलेल्या दोन लांब भुजांच्या टोकांच्या आरशांवरून प्रकाश परतवून, दोन्ही झोतांच्या मीलनातून भुजांच्या लांबीतील फरक मोजणे हे तिचे तत्त्व होते. या अहवालाचे वैशिष्ट्य असे की, त्याचा मोठा भाग उपकरणाच्या वर्णनाने नव्हे, तर त्याला त्रास देऊ शकणाऱ्या गोंगाटाच्या कारणांच्या हिशेबाने व्यापला आहे. उपकरण बांधण्यापूर्वीच त्याच्या शत्रूंची यादी करण्याची ही रीत पुढे या क्षेत्राची शिस्तच बनली.

या योजनेतून अमेरिकेत हॅनफर्ड (वॉशिंग्टन) व लिव्हिंग्स्टन (लुइझिॲना) येथे लायगो या वेधशाळा उभ्या राहिल्या. त्यांची प्रत्येक भुजा ४ किमी. लांबीची आहे. २०१५ साली सुरू झालेल्या सुधारित उपकरणांतील प्रत्येक मुख्य आरसा ४० किग्रॅ. वजनाचा असून तो चार टप्प्यांच्या लंबकाला टांगलेला असतो. पहिला संदेश १४ सप्टेंबर २०१५ रोजी (भारतीय प्रमाणवेळेनुसार दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी) मिळाला, तेव्हा भुजांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनाच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका होता. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे अंतरावर, सूर्याच्या अनुक्रमे ३६ व २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाल्याची ती वार्ता होती. सुमारे ०.२ सेकंदात संदेशाची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांची संख्या) ३५ वरून २५० हर्ट्‌झवर गेली. गोंगाटातून असा आकार योगायोगाने घडण्याची शक्यता २,०३,००० वर्षांत एकदाहून कमी आहे, असे सोळा दिवसांच्या नोंदी वारंवार सरकवून ठरविण्यात आले. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी शोध जाहीर झाला आणि २०१७ मध्ये वाइस, बॅरी बॅरिश व किप थॉर्न यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा संदेशाचा शोध ज्या पद्धतीने घेतला जातो तिच्या विकासात महाराष्ट्राचा संबंध येतो. रडारच्या गरजेतून डी. ओ. नॉर्थ यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत एक तत्त्व मांडले होते : शोधावयाच्या संदेशाचा आकार आधी ठाऊक असेल, तर तो आकार नोंदीवर क्षणाक्षणाने सरकवीत नेऊन जुळणीचे मान काढणे ही शोधाची सर्वोत्तम रीत होय, मात्र ज्या कंप्रतांवर गोंगाट अधिक तेथील जुळणीला त्या प्रमाणात कमी किंमत द्यावयाची. जत्रेच्या कोलाहलात आईला आपल्याच मुलाची हाक ऐकू येते, त्यातला हा प्रकार आहे. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या किंवा कृष्णविवरांच्या जोडीस ही रीत लावताना अडचण अशी की, संदेशाचा आकार त्यांच्या वस्तुमानांवर अवलंबून असतो व ती तर आधी माहीत नसतात. म्हणून अनेक संभाव्य आकारांचा संच तयार ठेवावा लागतो. संच विरळ ठेवला, तर खरा संदेश दोन आकारांच्या फटीतून निसटतो. दाट ठेवला, तर संगणकाचे काम आवाक्याबाहेर जाते.

हे आकार एकमेकांपासून किती अंतरावर ठेवावेत या प्रश्नाचा पद्धतशीर विचार पुण्याच्या आंतर-विद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्रातील (आयुकातील) संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. गोंगाट सर्व कंप्रतांवर सारखा नसेल तर काय करावे, याचा विचार त्यांनी १९९४ च्या निबंधात केला. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये स्थापन झालेले आयुका तेव्हा नुकते कोठे उभे राहत होते आणि लायगोची एक वीटही रचली गेली नव्हती. हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते. पुढे १९९५ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतील बाला अय्यर यांनी परदेशी सहकाऱ्यांसह संदेशाच्या आकाराचे गणित अधिक अचूक केले. २००१ मध्ये अर्चना पै, धुरंधर व सुकांत बोस यांनी अनेक वेधशाळांच्या नोंदी एकत्र करून पाहण्याची रीत विकसित केली. २०१५ च्या पहिल्या शोधसत्रात वापरलेल्या संचात सुमारे अडीच लाख आकार होते.

या सर्व गणिताला एक गृहीतक होते. गोंगाट स्थिर आहे, म्हणजे त्याचे सांख्यिकीय स्वरूप काळानुसार बदलत नाही, असे ते धरून चालते. प्रत्यक्ष उपकरण असे वागत नाही. मधूनच सेकंदाच्या अंशापुरते टिकणारे झटके नोंदीत येतात. त्यांपैकी शेकड्यातील एखादाच एखाद्या संभाव्य आकाराशी अंशतः जुळला, तरी खोटी सूचना मिळते. काही झटक्यांचे कारण चटकन सापडते, काहींचे अद्यापही सापडलेले नाही. ‘ब्लिप’ या नावाने ओळखला जाणारा सुमारे शंभरांश सेकंदाचा झटका जड कृष्णविवरांच्या विलीनीकरणाशी चांगलाच मिळताजुळता असतो आणि त्याचे मूळ बहुतांशी गूढच आहे. उलट हॅनफर्ड येथे २०१७ मध्ये आढळलेल्या काही झटक्यांचे मूळ भलतेच घरगुती निघाले. द्रवरूप नायट्रोजनाच्या नळ्यांवर साचलेला बर्फ डोमकावळे चोचीने टोचत होते व ती टकटक आरशांपर्यंत पोहोचत होती. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट बालपणी ऐकलेल्या वाचकास याचे नवल वाटणार नाही. नळ्यांना संरक्षक आवरण घालून हा प्रश्न सोडविण्यात आला.

असे झटके किती महाग पडू शकतात हे त्याच वर्षी दिसले. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाचा सुमारे १०० सेकंदांचा संदेश आला. मात्र विलीनीकरणापूर्वी अवघा १.१ सेकंद असताना लिव्हिंग्स्टनच्या नोंदीत एक मोठा झटका बसला. स्वयंचलित शोधप्रणालीने ती नोंद बाजूस टाकली व पहिली सूचना एकट्या हॅनफर्डच्या नोंदीवरून निघाली. विलीनीकरणानंतर १.७ सेकंदांनी फेर्मी उपग्रहाने गॅमा किरणांचा स्फोट टिपला होता, म्हणून शास्त्रज्ञांनी नोंदी स्वतः तपासल्या. झटक्याचा भाग झाकून ताऱ्यांची दिशा काढण्यात आली आणि सुमारे ११ तासांनी दुर्बिणींना १३ कोटी प्रकाशवर्षांवरील एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत त्याचा प्रकाश दिसला. पुढील सविस्तर विश्लेषणासाठी झटक्याचा गणिती नमुना करून तो नोंदीतून वजा केला गेला. त्या दिवशी लिव्हिंग्स्टनची नोंद वगळलीच गेली असती, तर ताऱ्यांची दिशा इतक्या अरुंद पट्ट्यात ठरली नसती.

यंत्र-अध्ययनाचा प्रवेश याच ठिकाणी झाला. दर दिवशी येणारे असंख्य झटके माणसाने डोळ्यांनी तपासणे अशक्य आहे. परंतु त्यांच्या आकृत्यांत साम्ये असतात आणि साम्य ओळखणे संगणकाला शिकविता येते. राहुल बिस्वास व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अशा तीन पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. आयुकातील निखिल मुकुंद, शीलू अब्राहम, शिवराज कंदसामी व संजित मित्रा यांनी केरळमधील निनान सजीत फिलिप यांच्यासह २०१७ मध्ये झटक्यांच्या वर्गीकरणाची एक पद्धत मांडली. तीत फिलिप यांनी पूर्वीच विकसित केलेले कृत्रिम तंत्रिकाजाल (मेंदूतील तंत्रिकांच्या जुळणीवरून सुचलेली संगणकीय रचना) वापरले होते. नोंदीचा तुकडा प्रथम निरनिराळ्या पट्ट्यांच्या लघुतरंगांत विभागावयाचा, प्रत्येक पट्ट्यात ऊर्जेचा किती हिस्सा आहे व ती कितपत विखुरलेली आहे हे मोजावयाचे आणि ही मोजमापे जालाला उदाहरणे म्हणून द्यावयाची, असा तिचा क्रम होता. नऊ प्रकारच्या कृत्रिम संदेशांवर व लायगोच्या सहाव्या सत्रात उपकरणात मुद्दाम सोडलेल्या संदेशांवर ती तपासण्यात आली. थोड्या उदाहरणांवरही ती चालते, हा तिचा विशेष गुण होय. कारण नव्या प्रकारचा झटका दिसू लागतो तेव्हा त्याची उदाहरणे नेहमीच तुटपुंजी असतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ या उपक्रमात हौशी स्वयंसेवक झटक्यांच्या आकृत्या पाहून त्यांचे प्रकार ठरवितात आणि त्यावरून तंत्रिकाजाल शिकते. झटक्याचे वर्ग ठरले की, तो वर्ग कोणत्या पंपाच्या, पंख्याच्या किंवा वाहनाच्या वेळांशी जुळतो हे पाहून कारणाचा माग काढता येतो. या पद्धतींचा सर्वांत मोठा लाभ हाच असावा. शिकलेले यंत्र येथे निर्णय देत नाही. कोठे शोधावे ते दाखविते.

प्रत्यक्ष संदेश शोधण्याचे काम यंत्राकडे सोपवावे काय, याबद्दल मात्र मतभेद आहेत. डॅनियल जॉर्ज व एलिउ ह्युएर्टा यांनी, तसेच हंटर गॅबर्ड व सहकाऱ्यांनी, २०१८ मध्ये तंत्रिकाजाले कृष्णविवरांचे संदेश आकार-जुळणीच्या पद्धतीच्या तोडीने ओळखतात असे दाखविले. त्यानंतरच्या वर्षी टिमोथी गेबहार्ड व सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला की, केवळ जालाच्या उत्तरावरून खोट्या सूचनेची संभाव्यता सांगता येत नाही. असे जाल शंकास्पद जागा सुचविण्यासाठी वापरावे, शोध जाहीर करण्यासाठी नव्हे. वेबर यांच्या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर हा आक्षेप वजनदार वाटतो. आयुकाचे धुरंधर, अनुराधा गुप्ता, भूषण गद्रे व बोस यांनी २०१७ मध्ये खरे संदेश व झटके यांत फरक करणाऱ्या सांख्यिकीय कसोट्यांना एका सामान्य गणिती चौकटीत बसविले, ते याच दृष्टीने महत्त्वाचे आहे : अशा कसोटीचे उत्तर का आले हे लिहून दाखविता येते.

झटक्यांव्यतिरिक्त सतत चालू असलेला गोंगाट वजा करण्याचा प्रश्न निराळा आहे. वेधशाळेत मुख्य नोंदीखेरीज भूकंपमापक, ध्वनिग्राहक, चुंबकमापक व विद्युत् दाबमापक यांच्या हजारो साहाय्यक नोंदी चालू असतात. त्यांना साक्षीदार म्हणता येईल. साक्षीदाराने टिपलेली थरथर मुख्य नोंदीत कशी पोहोचते हे ठरविता आले, तर ती तेवढी वजा करता येते. नॉर्बर्ट वीनर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मांडलेली रीत दोन नोंदींतील संबंध सरळ व न बदलणारा असेल तेथे पुरेशी असते. लायगोच्या २०१६–१७ च्या सत्रातील हॅनफर्डच्या नोंदीतून लेसर झोताच्या डळमळण्याचा गोंगाट अशाच रीतीने काढण्यात आला. पण अमेरिकेतील विद्युत् पुरवठ्याच्या ६० हर्ट्‌झ कंप्रतेच्या दोन्ही बाजूंस दिसणारे पट्टे आरशांच्या मंद हालचालीशी गुणाकाराने जोडलेले असतात. तेथे सरळ वजाबाकी निरुपयोगी ठरते. गॅब्रिएले वाजेंते व सहकाऱ्यांची पद्धत आणि रिच ऑर्मिस्टन व सहकाऱ्यांची ‘डीपक्लीन’ ही पद्धत (दोन्ही २०२०) साक्षीदारांच्या नोंदींवरून हा वाकडा संबंध शिकतात व तो वजा करतात.

येथे धोकाही तितकाच स्पष्ट आहे. यंत्राला मुख्य नोंदीवरच मोकळे सोडले, तर ते संदेशही गोंगाट म्हणून शिकेल आणि पुसून टाकील. नोंद स्वच्छ दिसेल व तीत काहीच नसेल. म्हणून यंत्राला फक्त साक्षीदार दाखवावयाचे आणि त्या साक्षीदारांपर्यंत गुरुत्वीय तरंग पोहोचूच शकत नाही याची आधी खात्री करावयाची, हा नियम पाळला जातो. त्याखेरीज नोंदीत ज्ञात आकाराचे कृत्रिम संदेश मिसळून, सफाईनंतर ते मूळ मापात सुखरूप आहेत काय, हे पाहिले जाते.

सर्वच गोंगाट शिकून काढावा लागतो असे नाही. युरोपीय अवकाश संस्थेने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या लिसा या योजनेत तीन याने एकमेकांपासून सुमारे २५ लाख किमी. अंतरावर राहणार आहेत. त्यांच्या भुजांची लांबी सारखी ठेवता येत नसल्यामुळे लेसरच्या कंप्रतेतील अस्थिरता संदेशाला पार बुडवून टाकील. निरनिराळ्या वेळांच्या नोंदी योग्य रीतीने सरकवून एकत्र केल्यास ही अस्थिरता स्वतःच स्वतःला छेदते, हे मॅसिमो टिंटो व जॉन आर्मस्ट्राँग यांनी १९९९ मध्ये दाखविले. अशा सर्व जुळण्या शोधण्याची शुद्ध बैजिक रीत धुरंधर, राजेश नायक व झां-ईव्ह व्हिने यांनी २००२ मध्ये दिली.

अतिशय मंद, काही वर्षांत एक आवर्तन पुरे करणाऱ्या तरंगांसाठी तर ताऱ्यांनाच घड्याळे म्हणून वापरतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यालगतच्या जुन्नर तालुक्यात खोडद येथे प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० ॲंटेनांची महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) आहे. तिच्या साहाय्याने भारतीय व जपानी शास्त्रज्ञांचा एक गट स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांच्या वेळा मोजतो. या मापनात तारा आणि पृथ्वी यांमधील विरळ आयनीभूत वायू ठोके लांबवितो व त्याचे प्रमाण दिवसागणिक बदलते. हा विलंब कमी कंप्रतांवर सर्वाधिक असल्याने तेथील गोंगाट ओळखण्यास खोडदची दुर्बीण विशेष सोयीची ठरते. युरोपीय गटाबरोबर २५ स्पंदकांच्या एकत्रित नोंदींवरून जून २०२३ मध्ये अशा तरंगांच्या पार्श्वभूमीचा पुरावा प्रसिद्ध झाला.

सप्टेंबर २०२५ मध्ये गूगल डीपमाइंड, कॅलटेक व इटलीतील ग्रान सासो विज्ञान संस्था येथील शास्त्रज्ञांनी यंत्र-अध्ययनाचा निराळा उपयोग प्रसिद्ध केला. आरसे स्थिर ठेवणारी नियंत्रण-यंत्रणा स्वतःच काही गोंगाट निर्माण करते. लिव्हिंग्स्टन येथील अशा एका नियंत्रणाचे नियम यंत्राला चुका-दुरुस्तीने शिकू दिले असता १० ते ३० हर्ट्‌झ या पट्ट्यातील तिचा गोंगाट तिसाहून अधिक पटींनी घटला. येथे नोंदीतून काही पुसले जात नाही. गोंगाट मुळातच उत्पन्न होत नाही, त्यामुळे संदेश पुसला जाण्याची भीतीही उरत नाही.

लायगोचे तिसरे उपकरण हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभारण्याच्या योजनेस केंद्र शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता दिली. आयुका, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम व सेवा शाखा यांच्याकडे तिची जबाबदारी आहे. समुद्रापासून दूर असल्याने लाटांमुळे जमिनीत उठणारी मंद थरथर येथे तुलनेने कमी असण्याची अपेक्षा आहे. मात्र २१ मार्च २०२४ रोजी याच जिल्ह्यात ४.५ प्रतीचा भूकंप झाला. येथील विद्युत् पुरवठ्याची कंप्रता ६० नव्हे, ५० हर्ट्‌झ आहे. पावसाळ्यात भिजून फुगणारी व उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती, वारा, रस्त्यावरील वाहने आणि पाखरेही हॅनफर्डची नव्हेत. तेथील नोंदींवर शिकलेली जाले येथे जशीच्या तशी चालणार नाहीत. म्हणून साक्षीदार उपकरणे मुख्य उपकरणाच्या बरीच आधी बसवून, या जागेचा गोंगाट सर्व ऋतूंत नोंदवून ठेवावा लागेल.